ओळखा पाहू हे ठिकाण!

दिवेलागण झाली, की आमच्या घरात हल्ली एक नवाच खेळ सुरू होतो. पत्ते नव्हेत, कॅरमही नव्हे. आमची नात ऋचा संगणकावर कुठल्यातरी जागेचे आकाशातून टिपलेले चित्र लावते, त्याखालच्या नावावर वहीचा कागद धरते आणि परीक्षकाच्या थाटात म्हणते, "ओळखा पाहू!" मग आम्ही सारे चष्मे पुसून पुढे सरसावतो.

पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. पिवळ्या वाळूत एकात एक वर्तुळे होती. मी ऐटीत सांगून टाकले, "हे तव्याला चिकटलेले धिरडे!" ते निघाले आफ्रिकेतल्या मॉरिटानियाचे रिशात. सुमारे ४० किलोमीटर रुंदीचा हा खडकांचा घेर. १९६५ साली जेमिनी-४ यानातल्या अंतराळवीरांनी त्याची छायाचित्रे वरून घेतली. त्याच्या मध्यावर उभे राहिलेल्या माणसाला मात्र आपण वर्तुळात आहोत याचा पत्ताही लागायचा नाही!

खेळ वाटतो तितका सोपा नाही, बरे का. चित्रातली सावली भल्याभल्यांना फसवते. लँडसॅटसारखे उपग्रह (यातला पहिला १९७२ साली वर गेला) एखाद्या जागेवरून जातात ते सकाळी दहाच्या सुमारास. तेव्हा आपल्याकडे ऊन आग्नेयेकडून येते आणि सावल्या वायव्येला पडतात. नकाशात उत्तर वर; म्हणजे चित्रात उजेड खालून येतो. आपल्या डोळ्यांना मात्र उजेड वरून येण्याची जन्माची सवय. परिणाम असा, की सह्याद्रीच्या दऱ्या मला डोंगर वाटल्या आणि डोंगरांच्या दऱ्या झाल्या. यावर ऋचाचा उपाय सोपा : चित्र उलटे करा. केले आणि डोंगर पुन्हा डोंगर झाले! रंगांचेही तेच. काही चित्रांत हिरवी झाडी लालभडक दाखवतात, कारण डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण पाने भरपूर परतवतात आणि चित्रात त्यांना लाल रंग दिलेला असतो. असले कोकणचे चित्र पाहून आमची ही घाबरून म्हणाली, "अगं बाई, वणवा लागला की काय!"

हा खेळ एका माणसाने मात्र जिवावर उदार होऊन खेळला. त्याचे नाव सरू ब्रायर्ली. १९८६ साली, पाच वर्षांचा असताना, भावासोबत तो बुऱ्हाणपूर स्टेशनावर आला. भाऊ कुठेसा गेला, हा गाडीत शिरून झोपला आणि शेवटी पोचला तो थेट कलकत्त्यात. गावाचे धड नाव त्याला सांगता येईना. 'गणेश तलाई' या वस्तीचे त्याच्या तोंडी काहीतरी भलतेच झाले होते. फार काय, 'शेरू' या स्वतःच्या नावाचेसुद्धा 'सरू' झाले. पुढे ऑस्ट्रेलियातल्या एका दांपत्याने त्याला दत्तक घेतले आणि तो टास्मानियात वाढला.

नावे विसरली, पण जागेचा आकार विसरला नाही. स्टेशनाजवळची पाण्याची टाकी, रुळांवरचा पूल, पाणी कोसळायचे ती खेळायची जागा, हे सारे डोळ्यांपुढे होते. मोठेपणी गूगल अर्थ हाती आल्यावर त्याने हिशेब मांडला : गाडीत चौदाएक तास, गाडीचा वेग अमुक, म्हणजे अंतर अंदाजे १,२०० किलोमीटर. मग हावड्यापासून एकेक रूळ धरून तो रात्रीच्या रात्री वरून चालत राहिला. आपल्या देशात लोहमार्ग का थोडे आहेत! शेवटी २०११ साली ती टाकी दिसली. स्टेशन होते बुऱ्हाणपूर. तिथून रुळाने पुढे सरकला तो खांडव्याला, आणि गल्ल्या आपल्याआप ओळखू लागल्या. २०१२ साली तो खांडव्यात जाऊन आईला भेटला. तिने ते शहर सोडले नव्हते. भाऊ मात्र, ताटातूट झाली त्याच सुमारास रेल्वेखाली गेला होता. हे त्याला पंचवीस वर्षांनी कळले. मुंबईहून इटारसीकडे जाताना खांडव्याला चहा प्यायलेले आपल्यात कितीतरी असतील. आता मला त्या फलाटावर नुसता चहा पिववणार नाही.

ही हकीकत मी सांगत होतो, तेव्हा माझी थोरली बहीण, आक्का, कोपऱ्यात वाती वळत बसली होती. या खेळाला ती "रिकामटेकड्यांचे उद्योग" म्हणते. त्या दिवशी मात्र वाती बाजूला ठेवून म्हणाली, "ऋचे, आपलं गाव दिसतं का बघ."

आमचे गाव पळसदेवच्या बाजूचे, भीमेकाठचे. उजनी धरण १९८० साली पुरे झाले. त्याच्या आधीच आम्ही तिथून उठलो होतो. मी म्हटले, "आक्का, तिथे आता पाणी आहे."

"उन्हाळ्यातलं बघ गं."

ऋचाने जुनी चित्रे चाळून एका कोरड्या उन्हाळ्याचे काढले. जलाशय आक्रसलेला, काठाला करडा चिखल, त्यात काही फिकट रेघा. मला ते वाळत घातलेल्या धोतरासारखे दिसले. आक्का बराच वेळ बोलली नाही. मग तिने काचेवर बोट टेकले.

"हा पाणंदीचा रस्ता. इथे वळतो बघ, म्हसोबापाशी. हा आपला बांध. आणि ही विहीर."

तो काळा ठिपका विहीर होता की नुसते डबके, हे मी शपथेवर सांगणार नाही. पण पाणंद तशीच वळत होती, हे खरे. गोठा विहिरीच्या कुठल्या अंगाला होता, यावरून आमचे दोघांचे चांगलेच वाजले. ऋचाने खालचा कागद काढला. नावाच्या जागी फक्त जलाशयाचे नाव होते.

"आक्काआजी, तुम्ही जिंकलात," ती म्हणाली.

आक्काचे लक्ष नव्हते. ती बोटाने चिखलातून पुढे पुढे जात होती. "थांब गं, पुसू नकोस इतक्यात. पाटलांचा वाडा राहिलाय."