मंडळाच्या मैदानापर्यंत निधी कसा पोहोचतो? : गैरसमज आणि वस्तुस्थिती

महाराष्ट्रात खेळ जगवला तो तालमींनी आणि मंडळांनी. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली सुरू झालं आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. कराडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकला जाऊ शकले ते लोकांनी उभ्या केलेल्या पैशांमुळे, आणि येताना कांस्यपदक घेऊन आले.

वर्गणीची ही परंपरा मोलाची आहे. पण वर्गणीतून उत्सव होतो, एखादी स्पर्धा पार पडते. प्रशिक्षकाचं मानधन, कबड्डीची मॅट, मुलांचा खुराक हा वर्षभराचा खर्च तिच्यातून भागत नाही. त्यासाठी निधीचे दुसरे मार्ग आहेत. ते कितीतरी मंडळं चाचपूनही पाहत नाहीत, कारण ऐकीव माहितीवरच सगळं ठरतं.

गैरसमज : सीएसआर म्हणजे कंपनीचा जाहिरातीचा पैसा. मैदानावर फलक लावू, स्पर्धेला पैसे घेऊ.

वस्तुस्थिती : सीएसआर म्हणजे कंपन्यांचं सामाजिक उत्तरदायित्व. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजोपयोगी कामावर खर्च करायची असते. आपल्या मालाची प्रसिद्धी व्हावी म्हणून दिलेलं प्रायोजकत्व नियमांनुसार या खर्चात धरलं जात नाही. मॅरेथॉन, पुरस्कार सोहळा यांसारखे एकवेळचे कार्यक्रमही त्यात बसत नाहीत, असं केंद्राने २०१४ च्या परिपत्रकात म्हटलं होतं. म्हणून ‘चषकासाठी मदत करा’ या पत्राला सीएसआर विभागाकडून नकार येतो. कंपनीने प्रसिद्धीच्या खर्चातून चषकाला पैसे दिले, तर ती वेगळी गोष्ट. वर्षभराच्या सरावाची योजना मांडली की सीएसआरचं दार उघडू शकतं.

गैरसमज : हा निधी ऑलिंपिकच्या तयारीतल्या खेळाडूंसाठी असतो. गावातल्या पोरांना कोण विचारतो?

वस्तुस्थिती : कायद्याच्या सातव्या परिशिष्टात कोणत्या कामांवर खर्च करता येतो याची यादी आहे. तिच्यात राष्ट्रीय मान्यता असलेले खेळ, पॅरालिंपिक आणि ऑलिंपिक खेळ आहेतच, पण त्या सगळ्यांच्या आधी ‘ग्रामीण खेळ’ आहेत. आणि उल्लेख आहे तो प्रशिक्षणाचा. शिवाय कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावं, असं कलम १३५ सांगतं. ही काटेकोर सक्ती नाही, तरी एमआयडीसीलगतच्या गावातल्या मंडळाने आधी शेजारच्या कारखान्याकडे जावं, याला कायद्याचाच आधार आहे.

गैरसमज : मंडळाला नोंदणी क्रमांक आहे, तेवढा पुरे.

वस्तुस्थिती : धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी ही पहिली पायरी. खासगी संस्थेमार्फत सीएसआरचं काम करायचं तर प्राप्तिकर खात्याकडे धर्मादाय संस्था म्हणून नोंदणी आणि देणगीदाराला सवलत मिळवून देणारी मान्यता लागते. लोक यांनाच १२ए आणि ८०जी म्हणतात. १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ हा अर्ज भरून स्वतंत्र क्रमांक घेणंही बंधनकारक झालं आहे. संस्था कंपनीने स्वतः स्थापन केलेली नसेल, तर अशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो.

अनेक जुनी मंडळं अडतात ती साध्या गोष्टींवर. विश्वस्त बदलले पण बदल अर्ज दिलेला नसतो, किंवा हिशोब तपासणी रखडलेली असते. ही कामं आधी हातावेगळी करावीत. नोंदणी नसलेल्या तरुणांच्या गटालाही मार्ग आहे. कंपनी स्वतः थेट उपक्रम राबवू शकते, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेच्या मैदानावर अशा उपक्रमाची सोय होऊ शकते.

गैरसमज : खासदार निधी मिळाला की पैसे मंडळाच्या खात्यात येतात.

वस्तुस्थिती : प्रत्येक खासदाराला वर्षाला ५ कोटी रुपयांपर्यंतची कामं सुचवता येतात. खासदार शिफारस करतात. तपासणी, मंजुरी आणि अंमलबजावणी जिल्हा प्रशासनाकडे असते. भर टिकाऊ सार्वजनिक मालमत्तेवर आहे. म्हणून मैदानाची सुधारणा किंवा क्रीडागृह मागता येतं, प्रशिक्षकाचं मानधन नाही. राज्याच्या क्रीडांगण विकास आणि व्यायामशाळा विकास अनुदान योजनाही आहेत. त्यांचे चालू निकष जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातच विचारावेत, कारण ते शासन निर्णयांनुसार बदलतात.

गैरसमज : पैसे एकदा मिळाले की गरजेप्रमाणे फिरवता येतात.

वस्तुस्थिती : अनुदान ठरावीक कामासाठी असतं. मॅटसाठीचे पैसे प्रवासावर खर्च करायचे असतील, तर आधी लेखी संमती हवी. रक्कम मंजूर कामावरच खर्च झाली, असं कंपनीच्या मुख्य वित्तीय अधिकाऱ्याला प्रमाणित करावं लागतं. त्यासाठी तो तुमच्याकडे बिलं आणि उपयोगिता प्रमाणपत्र मागणारच. सीएसआरमधून घेतलेली टिकाऊ वस्तू संस्थेच्या किंवा सार्वजनिक यंत्रणेच्या मालकीची राहते. अध्यक्षांच्या किंवा प्रशिक्षकांच्या नव्हे. हिशोब मागणं म्हणजे अविश्वास नव्हे. मुलांच्या नावाने आलेला पैसा मुलांपर्यंत पोहोचला, याची ती खातरजमा आहे.

गैरसमज : खेळ वेगळा, समाजकार्य वेगळं.

वस्तुस्थिती : त्याच सातव्या परिशिष्टात शिक्षण, आरोग्य, स्वच्छता आणि स्त्री-पुरुष समानताही आहे. मैदानाशेजारी स्वच्छतागृह नाही, कपडे बदलायला आडोसा नाही, संध्याकाळी दिवा नाही, अशा ठिकाणी पालक मुलीला सरावाला कसं पाठवतील? सरावाबरोबर अभ्यासिका, आरोग्य तपासणी आणि मुलींसाठीच्या सोयी मांडणारा प्रस्ताव दात्याला अधिक पटतो, आणि गावालाही तोच अधिक उपयोगी पडतो.

तेव्हा प्रस्ताव लिहिताना स्पर्धेच्या दिवसापासून सुरुवात करू नका. सरावाला किती मुलं-मुली येतात, आठवड्यातून किती दिवस, शिकवणारा कोण, वर्षाचा खर्च किती, आणि वर्षअखेरीस काय बदललेलं दिसेल, हे दोन पानांत मांडा. सोबत तीन वर्षांचे तपासलेले हिशोब जोडा. निधीची हमी कोणी देणार नाही. पण ही दोन पानं लिहिताना मंडळाला स्वतःलाच कळतं की आपण एका रात्रीच्या गर्दीसाठी आहोत की रोज मैदानावर येणाऱ्या मुलांसाठी. ज्यांना हे उत्तर ठामपणे देता येतं, त्या मंडळांनी निधी मागायला मुळीच संकोचू नये.