गवसणीतला गांधार

पेठांतले वाडे पडू लागले तेव्हा पितळेची घंगाळं मोडीत गेली, शिसवी पलंग जुन्या बाजारात गेले. एका वस्तूचं काय करायचं ते मात्र बऱ्याच घरांना कळेना. ती म्हणजे आजोबांचा तंबोरा. पाच फुटांच्या आसपास उंची, खाली भलामोठा भोपळा. माळ्यावर आडवा टाकावा तर भोपळा पिचकण्याची भीती, आणि नव्या फ्लॅटमध्ये उभा करायला कोपरा नाही. मग तो कुणा गाणं शिकणाऱ्या भाचीकडे जातो, नाहीतर मळलेल्या गवसणीत कपाटामागे उभा राहतो. (आकाशाला गवसणी घालणारे आपल्याकडे पुष्कळ, पण गवसणी म्हणजे वाद्याची खोळ, हे त्यांतल्या कितीजणांना ठाऊक असतं कोण जाणे.)

गिटार वाजवणारी पुण्यातली मुलं पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या अमेरिकन गिटारींबद्दल तासन्‌तास बोलतात. लाकूड कुठलं, पॉलिश कसलं, कुठल्या साली घडवलेली, सगळं त्यांना पाठ असतं. तशीच पारख तंबोऱ्याचीही असते. ती करणारी माणसं पुण्यात अजून आहेत, फक्त ती कमी बोलतात आणि जास्त ऐकतात.

मिरजच का?

पुण्यातल्या घरात जुना तंबोरा असेल, तर तो मिरजेचा असण्याची शक्यता फार मोठी. मिरजेतली ही कारागिरी साधारण 1850 च्या सुमारास सुरू झाली. फरीदसाहेब आणि मोहिनुद्दीन ही आरंभीची नावं. मंडळी मूळची शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारी, हत्यारं दुरुस्त करणारी. इंग्रजी अंमलात हत्यारांचा धंदा बसला आणि धातू-लाकडावर बसलेला हात रिकामा राहिला. मिरजेचे संस्थानिक पटवर्धन गाण्याचे शौकीन. त्यांच्या पदरी गवई येत, गवयांची वाद्यं बिघडत, आणि ती दुरुस्तीला दूर उत्तरेत पाठवण्यापेक्षा इथेच कुणी करील का, असा तो प्रश्न होता. दुरुस्ती करता करता घडवणं आलं, आणि सतारमेकर हे आडनावच होऊन बसलं.

गवयांची तर मिरजेत रीघच होती. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथे शिकवत होते. डोळ्यांना अपघात झालेले विष्णु दिगंबर पलुसकर त्यांच्याकडे इथेच शिकले. पुण्यात 1932 साली गांधर्व महाविद्यालय काढणारे विनायकबुवा पटवर्धन जन्माने मिरजेचेच. आणि अब्दुल करीम खाँसाहेब. त्यांनी 1913 मध्ये पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं, पण घर केलं ते मिरजेत, आणि 1937 साली त्यांचं दफनही तिथेच झालं. खाँसाहेब नुसते गात नसत, वाद्याची दुरुस्ती स्वतः करत. कारागिराच्या शेजारी असा गवई राहत असेल तर वाद्य सुधारल्याशिवाय कसं राहील? ऐकणारा आणि घडवणारा एका गल्लीत असणं, हे माझ्या मते मिरजेचं खरं भांडवल. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला स्वतंत्र भौगोलिक मानांकनं मिळाली. चांगलं झालं, पण गवयांनी ते शंभर वर्षांपूर्वीच दिलं होतं.

आधी भोपळा

गिटारवाला आधी लाकूड विचारतो. तंबोऱ्याचा कारागीर आधी भोपळा बघतो. हा खायचा भोपळा नव्हे, कडू भोपळा. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला भीमेच्या खोऱ्यात तो पिकवतात. वेलावरच पुरता पक्व होऊ द्यायचा, जमिनीवर नीट बसता ठेवायचा, कारण ज्या बाजूला तो बसेल तसा त्याचा आकार होतो. मग महिनोन्‌महिने वाळवायचा. मर्दानी तंबोऱ्याला चार फुटांच्या पुढे घेर लागतो, आणि एवढा मोठा, निर्दोष, सारख्या जाडीचा भोपळा मिळणं दिवसेंदिवस कठीण होतं आहे. पीक अवकाळी पावसाने जातं, आणि ज्या शेतात ऊस होऊ शकतो तिथे कडू भोपळा कोण लावील?

वारकऱ्यांच्या गळ्यातली वीणाही मिरजेत बनते. चंद्रभागेच्या आसपास पिकलेला भोपळा मिरजेत जाऊन वीणा होतो आणि आषाढीला पुन्हा चंद्रभागेवर येतो. ख्यालाचा तंबोरा आणि वारीची वीणा एकाच शेतातली सख्खी भावंडं म्हणायची.

वाळलेला भोपळा भिजवून मऊ करतात, कापतात, आतला गर काढतात आणि पुन्हा आकार धरून वाळवतात. त्यावर लाकडाचा गळा, मग पोकळ दांडी, आणि समोरून तबली. लाकूड बहुतेक तुणीचं: तांबूस, हलकं, सुकल्यावर न वाकणारं. तबली किंचित फुगीर असते. ती किती पातळ करायची, हे मोजपट्टी सांगत नाही. कारागीर बोटाने टकटक करतो, थोडं तासतो, पुन्हा टकटक करतो. शेवटी लाखेच्या पॉलिशचे हात. गळ्याजवळची कोरीव पानं आणि कडेची पांढरी नक्षी सगळ्यांत आधी डोळ्यांत भरते, आणि आवाजाशी तिचाच संबंध सगळ्यांत कमी.

जवारी

तंबोऱ्याचं सगळं मर्म घोडीवर आहे. घोडी म्हणजे तबलीवरची ती छोटी चौकी, जिच्यावरून चारही तारा जातात. गिटारीच्या घोडीवर तार एका धारदार कडेवरून सुटते. तिथे तार जरा घासून झणझणली, तर गिटारवाला ती दुरुस्तीला नेतो. तंबोऱ्याची घोडी रुंद असते आणि तिचा माथा अगदी सूक्ष्म उताराचा. कंप पावणारी तार त्या उतारावर टेकते, उचलली जाते, पुन्हा टेकते. त्यातून उठणारी झणझण म्हणजे जवारी. एका वाद्यात जो दोष, तो दुसऱ्यात प्राण.

या गोष्टीने चंद्रशेखर व्यंकट रामन यांनाही ओढून घेतलं. तार जिथे छेडावी तिथे ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू येतो ते उपस्वर ऐकू येता कामा नयेत, असा जुना नियम होता. तंबोरा आणि वीणा तो नियम जुमानत नाहीत, हे रामन यांनी 1921 मध्ये कलकत्त्याहून प्रसिद्ध केलेल्या निबंधात मांडलं. कारण घोडीचा उतार. नोबेल त्यांना नऊ वर्षांनी प्रकाशाच्या कामासाठी मिळालं, पण तंबोऱ्याचं ऋण आपण विसरू नये.

घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा एक बारीक तुकडा सरकवतात. त्याला जीव म्हणतात, आणि हे नाव ठेवणाऱ्याला दाद द्यावी लागेल. तो केसभर पुढेमागे केला की आवाज बंद होतो किंवा उघडतो. मग खर्जाच्या तारेतून कुणीही न छेडलेला गांधार आपोआप बोलू लागतो. त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. खर्जाचा पाचवा उपस्वर म्हणजे गांधारच, त्यामुळे यात जादू काही नाही. पण पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे सांगून उपयोग नसतो, तो मागे वळून कोण गातंय ते बघतो. पंचमाच्या तारेतून असाच निषाद आणि रिषभ डोकावतात.

वाजून वाजून तारा घोडीवर खाचा पाडतात आणि जवारी बसते. मग ती पुन्हा काढावी लागते. मी एकदा हे काम शेजारी बसून पाहिलं. कारागिराने कानस दोनदा फिरवली, तार चढवली, छेडली, तोंड वाकडं केलं, तार उतरवली, पुन्हा दोनदा कानस. दीड तासात असं किती वेळा झालं ते मोजणं मी सोडून दिलं. माझ्या कानाला तिसऱ्या खेपेलाच उत्तम वाटत होतं.

जुना म्हणजे चांगला?

गिटारवाल्यांमध्ये यावर भांडणं होतात. वर्षानुवर्षं वाजवल्याने लाकूड ‘उघडतं’ असं एक पक्ष म्हणतो, दुसरा म्हणतो की उघडतो तो मालकाचा कान. तंबोऱ्याच्या बाबतीत मी मध्ये उभा आहे. लाकूड आणि भोपळा पुरते सुकले, सांधे एकजीव झाले, की आवाजाला एक मोकळेपणा येतो, हे खरं. पण त्याहून साधं एक कारण आहे. वाईट तंबोरे कुणी पन्नास वर्षं सांभाळत नाही. ते तुटले तसे फेकले गेले. जो उरला तो मुळातच चांगला होता, आणि त्याच्या घोडीवर चार चांगल्या हातांनी जवारी काढलेली असते. जुन्या वाद्यात तो सगळा हात ऐकू येतो.

म्हणून जुना तंबोरा मिळत असेल तर नक्षीकडे पाठ करून बसा. आधी भोपळ्यावर हात फिरवा. बारीक भेग भरता येते, आतून कापड लावून बळकटीही देता येते. पण भोपळा पिचका किंवा किडलेला असेल तर सोडून द्या. दांडी एका डोळ्याने पाहा, वाकलेली नको. तबली आत दबलेली नको. खुंट्या फिरल्यावर जागी थांबतात का ते बघा. घसरत असतील तर खडूने बहुधा भागतं. जवारी बसलेली असेल तर घाबरू नका, ती काढता येते. शेवटी सगळ्यात महत्त्वाचं: ज्या पट्टीत तुम्ही गाता त्या पट्टीत तो लावून ऐका. काळी एक-दोनसाठी घडवलेला मर्दानी तंबोरा काळी चारला चढवला की तारा किंचाळतात, आणि जनानी तंबोरा खाली उतरवला की ढेपाळतो. आजोबांचा तंबोरा नातीला चालत नाही, यात नातीचा दोष नसतो.

हस्तिदंत आणि शिसव

जुन्या तंबोऱ्यांची घोडी आणि नक्षी कधी कधी हस्तिदंताची असते, कधी सांबरशिंगाची. 1972 च्या वन्यजीव कायद्याने आणि 1986 व 1991 च्या दुरुस्त्यांनी हस्तिदंताचा व्यापार आपल्याकडे पूर्ण बंद झाला. त्यामुळे असं वाद्य विकण्या-घेण्याआधी वन खात्याकडे चौकशी करणं बरं. आज घोडी उंटाच्या हाडाची, काळ्या लाकडाची किंवा सरळ प्लॅस्टिकच्या प्रकाराची करतात. जाणकार नाकं मुरडतात, पण डोळे मिटून ऐकवलं तर दरवेळी ओळखतीलच असं नाही.

गिटारवाल्यांनाही हेच भोगावं लागलं. ब्राझीलच्या ज्या शिसवाच्या गिटारींवर ते जीव टाकतात, त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार 1992 पासून जवळपास बंद आहे. त्याआधीच, 1969-70 च्या सुमारास, अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने आपल्याकडचा शिसव वापरायला सुरुवात केली होती. पश्चिम घाटात उगवणारा, वाड्यातल्या पलंगांचा तोच हा शिसव. 2017 मध्ये त्याच्याही निर्यातीला परवान्यांची अट लागली, आणि तयार वाद्यांना तीतून 2019 मध्ये सूट मिळाली.

पुण्याची हवा आणि यंत्र

सवाई गंधर्व महोत्सव 1953 पासून डिसेंबरात होतो, आणि कोरडी, गार हवा वाद्याला मानवते खरी. पण रात्री उघड्यावर पारा उतरला की तारा चढतात. मंचावर गवयाच्या मागे बसलेले शिष्य मधूनच मान खाली घालून मणी सरकवताना दिसतात, ते त्यासाठी. मणी म्हणजे घोडीच्या खालच्या बाजूला तारांत ओवलेले मणके. खुंटीने जाड काम होतं, मण्याने बारीक. किशोरी आमोणकर तंबोरे जुळवायला जो वेळ घेत, त्याने श्रोते अस्वस्थ होत. आज वाटतं, मैफल तिथेच सुरू झालेली असे.

बहुतेक घरांत आता इलेक्ट्रॉनिक तंबोरा किंवा फोनमधलं ॲप आहे. रियाजाला ते वाईट नाही, सूर ढळत नाही आणि पावसाळ्यात रुसतही नाही. पण त्याचा न ढळणारा गांधार दर आवर्तनाला तोच असतो. खरा तंबोरा दर छेडीला थोडा वेगळा बोलतो, आणि गाणाऱ्याचा कान जागा ठेवतो.

कपाटामागच्या तंबोऱ्यासाठी इतकं करा. गवसणी धुवा. तारा थोड्या सैल करा, पण पूर्ण उतरवू नका. बाहेरची भिंत आणि ऊन टाळून, भोपळ्याखाली कापडाची चुंबळ ठेवून उभा करा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा तरी खोळ काढून वारा द्या. मग कधी मिरजेची फेरी झाली, तर गाडीत मागच्या सीटवर आडवा न टाकता कुणाच्या तरी मांडीवर द्या. तिथला कारागीर तार छेडण्याआधी भोपळ्याच्या तळाशी हात फिरवील आणि विचारील, ‘कुणी गात होतं का घरात?’