स्लॉट वेगवान झाला, कार्डाला किती फायदा?

१९९७पर्यंत ग्राफिक्स कार्डाला पीसीआय या सामाईक जोडमार्गाची (बसची) सेकंदाला १३३ मेगाबाइटची क्षमता इतर कार्डांबरोबर वाटून घ्यावी लागे. त्या वर्षी इंटेलचा एजीपी बाजारात आला आणि ग्राफिक्सला २६६ मेगाबाइटचा स्वतःचा स्लॉट मिळाला. मग २एक्स, ४एक्स आणि शेवटी ८एक्स म्हणजे २.१ गिगाबाइट, असा वेग दुपटीने वाढत गेला. खोक्यावर तो आकडा ठळक छापलेला असे.

त्या आकड्याची पहिली परीक्षा १९९८मध्येच झाली. इंटेलच्या आय७४० चिपने टेक्श्चर, म्हणजे दृश्यातल्या पृष्ठभागांवर चढवायची चित्रं, संगणकाच्या मुख्य मेमरीत ठेवून एजीपीवरून खेचण्यावर भिस्त ठेवली. त्याच वर्षीचं थ्रीडीएफएक्सचं वूडू २ जुन्या पीसीआय स्लॉटमध्ये बसे, पण टेक्श्चरसाठी त्याच्यावर स्वतःची मेमरी होती. गेममध्ये वूडू २ सरस ठरलं.

कारण साधं आहे. दृश्य रंगवताना चिप तीच टेक्श्चर पुन्हा पुन्हा वाचते. ती एकदा कार्डावर आली की पुढचं वाचन कार्डाच्या मेमरीतूनच होतं. बसवरून मुख्यतः प्रोसेसरच्या सूचना आणि थोडा नवा डेटा येत राहतो.

२००४मध्ये पीसीआय एक्स्प्रेस आली, १६ लेनना (समांतर मार्गिकांना) एका दिशेने सेकंदाला ४ गिगाबाइट. त्याच वर्षीच्या जीफोर्स ६८०० अल्ट्राच्या मेमरीचा वेग ३५ गिगाबाइट होता. २०२२च्या आरटीएक्स ४०९०पर्यंत बस सुमारे ३२ गिगाबाइटवर पोचली, कार्डाच्या मेमरीचा वेग १००८वर. बस आठपट वाढली आणि तरीही मेमरीच्या आणखी मागे पडली. म्हणूनच भरपूर मेमरीचं कार्ड एक पिढी जुन्या स्लॉटमध्ये लावलं, तरी बहुतेक गेममध्ये फरक नगण्य राहतो.

मात्र मेमरी अपुरी पडली की बसचा वेग खरोखर निर्णायक ठरतो. २०२२च्या आरएक्स ६५०० एक्सटीला ४ गिगाबाइट मेमरी आणि अवघ्या ४ लेन होत्या. पीसीआय एक्स्प्रेसच्या तिसऱ्या पिढीच्या मदरबोर्डवर या मार्गाचा वेग निम्मा होई आणि मेमरी भरली की फ्रेमचा वेग कोसळे. स्वस्त कार्ड घेणाऱ्याकडेच बहुधा जुना मदरबोर्ड असतो. काटकसर करणाऱ्यालाच फटका बसावा, हे मला अन्यायाचं वाटतं.

तेव्हा मोजके पैसे असतील, तर नव्या स्लॉटच्या मोहात मदरबोर्ड बदलू नका. ते पैसे कार्डावरच्या जास्त मेमरीसाठी खर्च करा, आणि जुन्या बोर्डवर स्वस्त कार्ड लावणार असाल तर त्याच्या लेन आधी मोजा.