पुडी एक, पाणी किती?

पावसाळा लागला की जुलाबाने मलूल झालेली मुले रुग्णालयात येऊ लागतात. 'जलसंजीवनी दिली का?' असे विचारले की बहुतेक आया 'दिली ना, डॉक्टर' म्हणतात. 'पुडी किती पाण्यात घातली?' या पुढच्या प्रश्नावर मात्र पुष्कळदा उत्तर येते, 'एका ग्लासात.' मायेने केलेला उपाय इथे उलटू शकतो. तो का, हे आतड्याच्या पेशीकडे पाहिले की कळते.

प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थांचे अतिशय पातळ पटल असते. ऑक्सिजन त्यातून सहज पार होतो. मीठ आणि साखर यांना मात्र तेलकट थरातून वाट मिळत नाही. त्यांच्यासाठी पटलात प्रथिनांची दारे असतात. लहान आतड्यातील असे एक दार सोडियमचे 2 कण आणि ग्लुकोजचा 1 रेणू यांना जोडीनेच आत घेते. आत आलेले सोडियम पेशीच्या दुसऱ्या बाजूचा पंप रक्ताकडे ढकलतो. क्षार आणि साखर जिकडे, तिकडे पाणी जाते.

कॉलऱ्याच्या विषामुळे आतड्याच्या पेशींतून क्षार आणि पाणी सतत बाहेर वाहते. अशा वेळी नुसते पाणी पुरेसे शोषले जात नाही. पण जोडीचे ते दार कॉलऱ्यातही चालू राहते. सोडियम आणि ग्लुकोज असे बरोबर आत जातात, ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी 1960 मध्ये मांडली. 1971 मध्ये बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामात पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन अपुरे पडू लागले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे पाणी रुग्णांना पाजायला लावले. सुमारे 30 टक्क्यांवर गेलेले मृत्यूचे प्रमाण 4 टक्क्यांच्या खाली आले.

या उपायाचे सारे बळ प्रमाणात आहे. 1 लिटरची पुडी एका ग्लासात घातली तर द्रावण सुमारे पाचपट तीव्र होते. मग पाणी उलट रक्तातून आतड्यात खेचले जाते आणि जुलाब वाढतात. रक्तातील सोडियम वाढून बाळाला झटकेही येऊ शकतात. शीतपेयात आणि डब्यातल्या रसात साखर फार आणि मीठ नगण्य, म्हणून तेही जलसंजीवनीच्या जागी चालत नाहीत.

सुमारे 21 ग्रॅमची पुडी 1 लिटरसाठी असते. 200 मिलिलिटरच्या छोट्या पुड्याही मिळतात, म्हणून पुडीवरचा मजकूर आधी वाचावा. पुडी नसेल तर 1 लिटर स्वच्छ पाण्यात सपाट 6 चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवावे. द्रावण चमच्याने थोडे थोडे पाजावे आणि 24 तासांनी उरलेले टाकून द्यावे. अंगावरचे दूध आणि नेहमीचा आहार सुरूच ठेवावा.

जलसंजीवनीने जुलाब लगेच थांबत नाहीत. ती शरीरातून गेलेले पाणी आणि क्षार भरून काढते. म्हणून 'गुण येत नाही' असे समजून ती बंद करू नये. डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, शौचात रक्त दिसले, मूल सुस्त पडले किंवा काही पिईनासे झाले, तर मात्र घरी थांबू नये. लगेच रुग्णालय गाठावे आणि वाटेतही चमचा चमचा पाजत राहावे.