दहावीनंतर साइटवर जायचं तर

उड्डाणपूल, मेट्रो, घरबांधणी, कामं भरपूर आहेत. मुलाला किंवा मुलीला तिथे बिगारी म्हणून नव्हे, तर कारागीर म्हणून पाठवायचं असेल, तर आपण आयटीआयपासून सुरुवात करू.

आधी ट्रेड ठरवा. ट्रेड म्हणजे शिकायचा व्यवसाय. सर्व्हेअर (जमीन मोजणारा) आणि ड्राफ्ट्समन सिव्हिल (नकाशे काढणारा) हे दोन्ही दहावीनंतर दोन वर्षांचे. गवंडीकाम, प्लंबिंग एका वर्षात होतं. 'इलेक्ट्रिशियन' सगळेच मागतात म्हणून आपणही तेच मागू नये. उन्हात उभं राहणं जमेल का, गणिताची भीती आहे का, हे घरी बसून बोलावं.

प्रवेश ऑनलाइन, फेऱ्यांनी होतो. पसंतीक्रम भरताना घाई नको. एसटी सोयीची आहे एवढ्यावरून भरलेला ट्रेड पुढे निस्तरावा लागतो.

प्रवेश मिळाल्यावर खरी गोम नकाशा वाचण्यात आहे. हात छान चालतो, कागद मात्र कळत नाही, अशी मुलं साइटवर मागे पडतात. १:१०० म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जागेवर एक मीटर, इथून सुरुवात करावी. मग 'कव्हर' समजून घ्यावं: सळई आणि काँक्रीटचा बाहेरचा पृष्ठभाग यांतलं अंतर. स्लॅबला साधारण २० मिलिमीटर, कॉलमला ४०, समुद्रकाठी त्याहून जास्त. ते कमी पडलं की ओल सळईपर्यंत पोहोचते, गंज धरतो, सळई फुगते आणि काँक्रीटचे पोपडे सुटतात. कव्हर ब्लॉक (हे अंतर राखणारे ठोकळे) न लावता सळई थेट फळ्यांवर टेकवणारा फिटर अजून जागोजागी दिसतो. कव्हर कुठे किती ठेवायचं, हे शिकणाऱ्याने पहिल्याच महिन्यात निदेशकाला, म्हणजे शिकवणाऱ्या सरांना, विचारून पक्कं करावं.

प्रमाणपत्र हातात आलं की बरेच जण थांबतात. इथेच चुकतं. त्यानंतर शिकाऊ उमेदवारी करावी. १९६१च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याने ती चालते आणि विद्यावेतन मिळतं. लेखी करार शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी पोर्टलवर नोंदवलेला आहे ना, तेवढं बघा. नोंद नसेल, तर उमेदवारीच्या नावाखाली फुकट मजुरी होते.

घरात आधीच कुणी गवंडी असेल, तर त्यांना वर्गात बसायला लावू नका; पूर्वानुभवाची परीक्षा देऊन प्रमाणपत्र घेता येतं.

शेवटी, वय १८ ते ६० आणि वर्षभरात ९० दिवस काम झालं असेल, तर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करा. दिवसांचा दाखला ठेकेदाराकडून कामाच्या ओघातच घ्यावा. साइट संपली की ठेकेदार सापडत नाही. मग गावात ग्रामपंचायतीकडे हेलपाटे घालावे लागतात.