फ्लू ढगातून पडत नाही!

दोस्तांनो, पावसात भिजून घरी गेलात की काय ऐकायला मिळतं? ‘‘आता पडणार बघ आजारी!’’ आणि दोन दिवसांनी खरंच ताप भरला, की सगळं खापर पावसाच्या माथी! पण फ्लूच्या बाबतीत बिचारा पाऊस निर्दोष आहे. फ्लू होतो विषाणूमुळे, आणि तो येतो माणसाकडून माणसाकडे. आजारी माणूस खोकला, शिंकला की बारीक तुषारांबरोबर विषाणूही उडतात. पावसाळ्यात आपण खिडक्या लावून दाटीवाटीनं बसतो. मग त्यांचं फावतंच!

असे आणखी काही गैरसमज पाहू या.

‘फ्लू म्हणजे साधी सर्दी.’ छे! सर्दी हळूहळू येते, फ्लू एकदम झडप घालतो. ताप, अंगदुखी, खोकला, थकवा! बहुतेक जण आठवडाभरात बरे होतात. पण सगळेच नाही. १९१८ च्या साथीत भारतात एक कोटीहून अधिक माणसं दगावली. २००९ मध्ये स्वाइन फ्लू आला, तेव्हा पुण्यातल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या.

‘अँटिबायोटिक घेतलं की झालं.’ ही औषधं जिवाणूंना मारतात, विषाणूंना नाही. त्यामुळे मनानं गोळ्या घेऊ नका. मुलांना फ्लूमध्ये अ‍ॅस्पिरिन तर अजिबात नको!

‘लस टोचल्यानंच फ्लू होतो.’ टोचायच्या लशीत जिवंत विषाणू नसतो, मग फ्लू होईल कसा? एखाद-दोन दिवस दंड दुखेल, कणकण येईल, एवढंच. विषाणू सारखं रूप बदलतो, म्हणून ही लस दरवर्षी घ्यावी लागते.

आता सगळ्यात मोठा गैरसमज. ‘ताप आला तरी शाळा बुडवायची नाही!’ तुम्ही शूर असाल हो, पण फ्लू झालेल्याकडून पाच-सात दिवस इतरांना लागण होऊ शकते. तुम्ही बरे व्हाल. पण शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीला दमा असेल तर? मित्राच्या घरी तान्हं बाळ किंवा थकलेली आजी असेल तर? त्यांना हाच फ्लू भारी पडू शकतो.

म्हणून औषधाशिवाय ताप उतरून निदान एक दिवस जाईपर्यंत घरीच थांबा. खोकताना तोंडावर रुमाल धरा, साबणानं हात धुवा, खिडक्या उघडा. धाप लागली, किंवा उतरलेला ताप पुन्हा चढला, तर लगेच डॉक्टरांकडे जा.

पूर्ण हजेरीचं बक्षीस हुकेल कदाचित. हुकू दे! कुणाची तरी आजी ठणठणीत राहील, हे काय कमी आहे?