तेलाचा तवंग आणि नौकाविहार

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ दोन मालवाहू जहाजांची टक्कर होऊन समुद्रात तेल पसरले. असे घडल्यास, वाचकहो, हौसेची होडी किनाऱ्यावरच ठेवावी. तेलाच्या वाफांनी डोके दुखते, मळमळते, डोळे चुरचुरतात. दमेकऱ्यांना त्रास अधिक. तवंगात सापडल्यास वारा जिकडून येतो, त्या दिशेने बाहेर पडावे.

अंगाला चिकटलेले तेल काढण्यासाठी अनेकांचा हात रॉकेलकडे जातो. ते टाळावे, त्याने त्वचेचा दाह होतो. खोबरेल लावून मऊ कापडाने टिपावे, मग साबणाने धुवावे. मुलाने तेल गिळल्यास उलटी करवू नये. तेल फुप्फुसांत शिरून जिवावर बेतू शकते. तत्काळ रुग्णालय गाठावे.